कुहीजवळ मी केलेला भूकंप

मी एकदा कुहीजवळ भूकंप केला. खरा भूकंप झाला होता मध्य अमेरिकेत, म्हणजे नागपूरहून पाहिलं तर पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या अंगाला. पण मी तो तिथून उचलला आणि नागपूरपासून चाळीस किलोमीटरवर, धानाच्या बांध्यांमध्ये, माझ्या सख्ख्या बहिणीच्या घराखाली आणून ठेवला. हे काम मी एकटीनं, कुणाच्याही मदतीशिवाय, पेन्सिल आणि पट्टी घेऊन दहा-पंधरा मिनिटांत केलं. एवढं मोठं काम मी पुढे नोकरीत कधीच केलं नाही.

साठचं दशक संपत आलं होतं. कोयनेचा धक्का लोकांच्या मनातून गेला नव्हता. मी वेधशाळेच्या भूकंप विभागात नवीनच लागले होते. त्या वेळची मी कशी होते ते सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. भौतिकशास्त्राची पदवी, दोन वेण्या सोडून नुकताच घालायला लागलेला अंबाडा, आणि त्या अंबाड्याखाली डोकं आहे असा माझा पक्का समज. आमच्या गावच्या वस्तीत धम्मदीक्षेनंतर शिकून सरकारी नोकरीला लागलेली मी पहिली मुलगी. त्यामुळे गावी गेले की म्हातारी माणसंसुद्धा सरकून बसायला जागा द्यायची. मी ती घ्यायची. घेताना कशी दिसत असेन ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

आमचं काम बाहेरच्यांना फार गूढ वाटायचं. तसं काही नव्हतं. एक जड वजन असं टांगायचं, की जमीन हलली तरी ते आपलं जागच्या जागी राहील. त्याला जोडलेली सुई एका हळूहळू फिरणाऱ्या रुळावर टेकलेली असते, आणि रुळावर काजळी धरलेला कागद असतो. जमीन स्वस्थ असली की सुई काळ्यावर पांढरी सरळ रेघ ओढत जाते. हलली की रेघ वाकडी. रोज सकाळी जुना कागद काढायचा, नवा रॉकेलच्या धुरावर धरून काळा करायचा आणि रुळावर चढवायचा. मी घरी जायची तेव्हा नाकाच्या शेंड्यावर हमखास काजळी असायची. नवरा म्हणायचा, "सरकारनं तुले नोकरी दिली का भट्टी लावाले ठेवलं?"

वाकड्या रेघेवरून भूकंप किती दूर झाला ते काढतात, तेही सोपं आहे. भूकंपाच्या जागेवरून दोन तऱ्हेच्या लाटा निघतात. एक पळणारी, एक जरा सुस्त. विजेचा लखलखाट आधी दिसतो आणि गडगडाट मागून येतो, तसंच. दोघींमध्ये जितकं अंतर, तितका भूकंप दूर. जवळच्या भूकंपाला आम्ही अंतराच्या सेकंदांना आठानं गुणायचो, की किलोमीटर आले. पाचवीतल्या पोरालाही जमेल असा हिशेब. तो मला जमला, हाच घोटाळा.

घोटाळ्याकडे जाण्याआधी आमच्या गिऱ्हाइकांबद्दल सांगायला हवं, कारण मला माझ्या शहाणपणाचा माज चढवण्यात त्यांचा हात होता. शहरात कुठे ताट पडलं तरी आम्हाला फोन यायचा. खापरखेड्याच्या वसाहतीतून एक गृहस्थ दर आठवड्याला कळवायचे की त्यांच्या पलंगाखाली जमीन थरथरते. कोळशाच्या वाघिणी जवळून जायच्या, त्याची ती थरथर. पण तसं सांगितलं की ते नाराज व्हायचे. एक भाडेकरू तर भूकंपाचा दाखला मागायला आले होते. म्हणाले, "बाई, भिंतीले तडा गेला. घरमालक म्हणते, तुमची पोरं उड्या मारून राहिली म्हणून गेला. तुम्ही लिहून द्या ना, भूकंपानं गेला!" मी त्यांना भूकंपशास्त्रावर एक लहानसं व्याख्यान दिलं. ते बिचारे दाखल्याची वाट पाहत शेवटपर्यंत ऐकत बसले. असं सगळं शहर आपल्याला विचारत असलं, की एखादी गोष्ट आपल्याला येत नसेल अशी शंका हळूहळू यायचीच बंद होते.

आमचे साहेब खानझोडे. मोजकं बोलणारे. त्यांचा एकच नियम होता: मोठी हालचाल दिसली की तासभर काही बोलायचं नाही. तार नाही, फोन नाही, कुजबूज नाही. "लाटांचं सगळं कुटुंब येऊन पोचू द्या," म्हणायचे, "मग ठरवा कोण कुठून आलं." मला हा नियम म्हाताऱ्या माणसाची धास्ती वाटायचा.

त्या सकाळी साहेब बैठकीला गेले होते. आणि भाऊजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, नव्या धानाचे पोहे घेऊन मला भेटायला आले होते. मोठ्या बहिणीला आम्ही 'बाई' म्हणतो; तिला आमच्याच गावात, कुहीजवळच दिली होती. मला शाळेत ठेवावं म्हणून बापाशी भांडलेली, स्वतः चौथीत शाळा सोडून धानाच्या रोवणीला जाणारी ही माझी बाई. तिनं पाठवलेले पोहे म्हणजे काय, हे मी वेगळं सांगत नाही.

मी भाऊजींना यंत्र दाखवायला आत नेलं. खरं तर मला स्वतःलाच दाखवायचं होतं. सुई शांतपणे रेघ ओढत होती आणि मी ऐटीत बोलत होते. तेवढ्यात सुईनं एकदम उडी मारली. अशी स्वच्छ, अशी जोरकस, की मी दचकले. पाच-एक सेकंद झाले, आणि दुसरी उडी.

"काय झालं वं?" भाऊजी म्हणाले.

"भूकंप!"

"कुठी?"

मी पट्टी लावली. दोन उड्यांमध्ये पाच सेकंद. पाच आठे चाळीस. हा रूळ वर-खाली हालचालीचा; दिशा कळायला आणखी दोन रूळ होते, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम हालचालीचे. त्यांवर सुईनं जेमतेम खरचटलं होतं. शहाण्या माणसाला तेवढ्यावरूनच संशय आला असता. मी त्या खरचटण्यातून आग्नेय दिशा काढली. नकाशावर नागपूरपासून आग्नेयेला चाळीस किलोमीटर मोजले आणि बोट जिथं थांबलं तिथं कुही होतं.

माझा चेहरा पाहून भाऊजी घाबरले. "काहून वं सुमन, अशी काहून पाहून राहिली?"

"भाऊजी, तुमच्याकडेच झाला."

"पन मले तं काई हाललेलं समजलं नाई."

"माणसाला समजत नाही, यंत्राला समजतं," मी म्हणाले. हे वाक्य मी आजवर अनेकदा मनातल्या मनात मागे घेतलं आहे. "हा छोटा आहे. याच्या मागून मोठा येऊ शकतो. आज घरात झोपू नका."

"थंडी किती हाय! आम्ही झोपू बाहेर, पन आमची बुढी माय खाटेवरून उठत नाई. तिले कशी न्याव बाहेर?"

मी क्षणभर विचार केला. क्षणभरच. कुठल्याशा पुस्तिकेत वाचलं होतं, की माणसं भूकंपानं मरत नाहीत, डोक्यावरच्या जड छपरानं मरतात. "मग छपरावरचे कवेलू उतरवा," मी म्हणाले. "डोक्यावर जे नाही ते पडणार नाही. वरून ताडपत्री टाका."

"सगळे कवेलू?"

"सगळे. आणि वस्तीतही सांगा."

भाऊजींनी चहासुद्धा घेतला नाही. ते येष्टी पकडायला धावले. मी साहेबांचा नियम पाळला बरं का! तार केली नाही, फोन उचलला नाही. तेवढी मी कर्तव्यदक्ष होते.

तासाभरानं सुई पुन्हा हलली. पण या वेळी झोपाळ्यासारखी. सावकाश, लांब, मोठे झोके. कागदभर ते झोके येतच राहिले. अशा लांब लाटा फक्त फार दुरून येतात. पृथ्वीच्या पाठीवरून रमतगमत यायला त्यांना तास लागतो. चाळीस किलोमीटरवरच्या भूकंपाला हे शक्यच नाही. मी रुळापाशी उभी राहिले. मला कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे: मला तेव्हाच कळलं होतं.

दुपारी साहेब आले. कागद पाहिला आणि त्यांचे डोळे चमकले. "मेश्राम, ही कुठली वाटते तुम्हाला?"

"दूरची," मी म्हणाले. कुहीचं नाव काढलं नाही.

"दूरची तर आहेच. मध्य अमेरिकेकडली असणार. पण दूरची असून एवढी जोरात कशी?"

 साहेबांनी पाण्यानं भरलेला काचेचा ग्लास खिडकीत उन्हात ठेवला. ग्लासाच्या मागे टेबलावर सावली पडली, आणि सावलीच्या शेजारी एक झगझगीत रेघ. साहेब म्हणाले, ग्लास म्हणजे पृथ्वीचा गाभा. वितळलेल्या लोखंडाचा प्रचंड गोळा. भूकंपाची पळणारी लाट त्यात शिरते तेव्हा तिचा वेग एकदम कमी होतो आणि ती आत वाकते. त्यामुळे पृथ्वीच्या पलीकडे एक पट्टा असा राहतो की तिथं सरळ लाट पोचतच नाही, ती सावली. आणि त्या सावलीच्या काठावर वाकलेल्या सगळ्या लाटा एका जागी गर्दी करतात. तिथं धक्का अचानक जोरदार लागतो. सावलीतल्या गावाला, जे भूकंपाला जास्त जवळ आहे, त्याला कुजबूज. आणि काठावरच्या गावाला, जे जास्त दूर आहे, त्याला हाक. मध्य अमेरिकेत भूकंप झाला की आपलं नागपूर नेमकं त्या झगझगीत रेघेवर येतं.

"काठ ओलांडून आणखी पुढे गेलात की जोर पुन्हा ओसरतो," ते म्हणाले. "गाभ्यात शिरताना आणि निघताना लाटेचा थोडा भाग परत फिरतो, तेवढी ती घटते. गाभ्याच्या पोटात आणखी एक घट्ट गोळा आहे, त्यातून जाणारी तर दमून बाहेर येते. आणि सुस्त लाटेला द्रवातून जाताच येत नाही, ती काठाशीच संपते."

"मग ही दुसरी उडी?" मी विचारलं. 

"पहिलीचीच बहीण. तिथं आधी वर जमिनीपर्यंत गेली, आपटली, आणि मागून निघाली. म्हणून पाच सेकंद उशीर." मग हसून म्हणाले, "नवख्या माणसानं हिला सुस्त लाट समजून आठानं गुणलं तर काय होईल बघा! भूकंप आपल्या कुहीत येईल. आणि तो एवढ्या जवळ असता तर तुमची खुर्ची नसती का हलली? ही खालून, पायाखालून सरळ वर आली आहे. म्हणून आडवी हालचाल टिपणाऱ्या रुळांवर काही नाही."

मीही हसले. हो, हसले.

त्या दिवशी नोंदी मी नीट लावल्या. आमच्या जागेवरून मिळालेली वेळ फार उपयोगाची आहे, असं साहेब म्हणाले, आणि तार करताना त्यांनी माझ्या वाचनाची तारीफ केली. कुहीकडे जाणारी दुपारची मोटार साडेतीनला सुटायची. वेधशाळेतून सुट्टी मागणं अवघड नव्हतं. पण सुट्टी कशासाठी, हे साहेबांना सांगावं लागलं असतं. ज्या चुकीवर आत्ताच दोघं हसलो ती माझी आहे, हे सांगावं लागलं असतं. आणि गावी जाऊन, सरकून बसून जागा देणाऱ्या माणसांना सांगावं लागलं असतं, की मला येत नाही.

मी स्वतःला किती छान समजावलं! एक रात्र बाहेर काढली तर काय बिघडतं? मळणीच्या दिवसांत माणसं खळ्यावर झोपतातच. भूकंप आला नाही की आपोआप घरात जातील. उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता तर गेले असतील घरात. उगाच कशाला जा. संध्याकाळी सीताबर्डीला जाऊन मी नवऱ्याबरोबर भेळ खाल्ली. त्या भेळेची चव मला आजही लागते, आणि ती चांगली नाही.

मग अवकाळी पाऊस आला. आमच्याकडे हिवाळ्यात कधी येतो तसा, गारठवणारा, दोन दिवस धरून बसलेला. रात्री मी पांघरुणात जागी असायची आणि डोळ्यांपुढे एकच गोष्ट यायची, उघडं छप्पर.

पाऊस उघडला तेव्हा सकाळच्या मोटारीनं मी गेले. वस्तीत शिरल्याबरोबर शेजारची भिवराकाकू मला दिसली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "भूकंप तं नाई आला वं पोरी. पन तू आली ते बरं केलं." बाकीच्या बाया हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काय झालं होतं ते मला त्यांच्याकडून कळलं. भाऊजींनी निरोप आणला तेव्हा बुद्धविहारात माणसं जमली होती. अर्ध्यांचा विश्वास बसेना. थंडीच्या दिवसांत कवेलू उतरवायचे म्हणजे काय खेळ आहे का? तेव्हा माझी बाई उठून उभी राहिली. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी. म्हणाली, "आपली सुमन सांगून राहिली. ते शिकली हाय. ते उगीच नाई सांगनार." आणि घरी जाऊन तिनं आधी आपलं छप्पर उतरवायला लावलं. तिचं पाहून आणखी चार-पाच घरांनी उतरवलं. नागपूरच्या मोटारीनं माझा पुढचा निरोप येईपर्यंत कवेलू चढवायचे नाहीत, असं ठरलं. पावसात ताडपत्र्या फाटल्या. बुढीला रातोरात विहारात हलवलं. पण धानाच्या कणग्या कोण हलवणार?

बाई अंगणात ओलं धान पसरत होती. कवेलू भिंतीच्या कडेला थप्प्या लावून ठेवले होते, एकसुद्धा फुटला नव्हता. कणगीत हात घातला तर आत गरम लागत होतं. धानाला कोंब फुटायला लागले होते. त्या आंबूस वासात मी उभी राहिले आणि मला पहिल्यांदा समजलं, की चाळीस किलोमीटर म्हणजे किती.

मी चप्पल काढली आणि तिच्याबरोबर धान पसरायला बसले. ती मुठीमुठीनं धान पसरत राहिली. मला ते सहन होईना. मग मी काय केलं असेल? मी तिला पाण्याचा ग्लास मागितला! काचेचा नव्हता, पितळेचा दिला तिनं. तोच हातात धरून मी पृथ्वीचा गाभा समजावायला लागले. लाट कशी वाकते, सावली कुठे पडते, काठावर जोर कसा वाढतो, सगळं. चूक माझी नव्हती, पृथ्वीची होती, असं काहीतरी त्याचं तात्पर्य निघत होतं. बाईनं धान पसरता पसरता नीट ऐकलं. ती नेहमीच माझं नीट ऐकायची.

तिनं त्यातलं काय ध्यानात घेतलं होतं ते पुढच्या प्रश्नात कळलं.

"म्हंजे तुले मंग समजलं, का तो दूरचा हाय."

"हो."

"कवा समजलं वं?"

खोटं बोलता आलं असतं. रेघेवरून ते कुणालाही कळलं नसतं. पण तिच्या हाताला कोंब चिकटले होते. मी म्हणाले, "त्याच दिवशी. तासाभरात."

तिचे हात थांबले.

मी पुढे तीस वर्षं ते काम केलं. नंतरच्या काळात कागद बदलले, यंत्रं बदलली, काजळी गेली. जवळचेही भूकंप पाहिले, दूरचेही. फोन उचलल्यावर "अजून कळलेलं नाही" हे शब्द मी इतके म्हटले, की ऑफिसातल्या पोरांनी मागून माझं तेच नाव पाडलं होतं. मी रागावले नाही. चुकीचं बोलल्याचं मी केव्हाच गिळलं. नवखी होते, शिकले. पण साडेतीनची ती मोटार माझ्याशिवाय गेली, ते घशाखाली उतरत नाही. दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमती लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी दुसऱ्याच चार आठवणी काढून बसले होते. त्यांतली एकही पुढे सरकेना.

त्या वर्षी बाईच्या घरी तांदूळ विकत आणावा लागला, तो मी आणून टाकला. तिनं तो घेतला, नाही म्हणाली नाही. आता बाई नाही. तिनं पुन्हा कधी हा विषय काढला नाही, कुणाला काढू दिला नाही. जे बोलायचं ते ती त्याच सकाळी अंगणात बोलली होती. हात थांबवून, माझ्याकडे सरळ पाहत, अजिबात आवाज न चढवता:

"धान जाऊ दे वं. धान पुढच्या साली पिकते. पन उद्या तू खरंच म्हनली, 'पळा', तं म्या लोकायले काय सांगू? पळा म्हनू, का दुपारच्या मोटारीची वाट पाहा म्हनू?"